भाव जगाच्या हातात, थ्रॉटल तुझ्या

बाळा,

होडी घेतलीस हे तुझ्या आईकडून कळलं. त्याआधी तुझ्या बँकेला कळलं असणारच. वीस फुटी, मागे दीडशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, उन्हाळाभर मेरीलँडच्या मॅगोथी नदीत धक्क्याला आणि बाकीचं वर्ष घराशेजारी ट्रेलरवर. बेत चांगला आहे. होडी हाकायला शिकवणारे पैशाला पासरी भेटतील. पण तिच्या पोटात काय ओतायचं, ते महाग का होतं आणि कुठे मुरतं, हे सांगायला कोणी बसत नाही. मी नि तुझे काका चेसापीक उपसागराच्या पाण्यावरच म्हातारे झालो, तेव्हा एवढं ऐकून घे. बायकोलाही वाचायला दे, कारण हिशेबाची वही शेवटी तिच्याच हातात जाणार. आपल्या घरची रीतच आहे ती.

आधी भावाचं, कारण तू सगळ्यात जास्त कुरकुर त्याचीच करणार आहेस.

१. पंपाची पाटी बघून आतल्या माणसावर डोळे वटारू नकोस — गॅलनच्या भावात निम्म्याच्या आगेमागे पैसे नुसत्या कच्च्या तेलाचे असतात. उरलेले रिफायनरी, वाहतूक-विक्री आणि कर वाटून घेतात, त्याच्या वाट्याला चिल्लर.

२. पिंपात ४२ गॅलन, एवढं पाठ कर — म्हणजे 'तेल पिंपामागे दहा डॉलरनी वाढलं' अशी बातमी आली की ४२ नं भागून गॅलनमागे २४ सेंट येणार हे चहा संपायच्या आत कळतं, नि टीव्हीवरच्या आरडाओरड्यानं पोटात गोळा येत नाही.

३. भाव उतरायला लागला की लगेच टाकी भरायला धावू नकोस, जमलं तर दोनेक आठवडे थांब — भाव वर जाताना धावतो, खाली येताना पाय मोजतो. हे माझं म्हणणं, पण अर्थशास्त्रज्ञांनीही मोजून तेच सांगितलं आहे.

४. कच्चं तेल मातीमोल झालं म्हणून पेट्रोल फुकट मिळेल अशी आशा धरू नकोस — २० एप्रिल २०२० ला, सगळं जग घरात बसलेलं असताना, अमेरिकी कच्च्या तेलाचा पुढच्या महिन्याचा सौदा उणे ३७ डॉलरवर गेला होता, कारण विकत घेतलेलं तेल ठेवायला जागाच नव्हती. पंपावर तरीही पैसे मोजावेच लागले. रिफायनरी, टँकर नि कर यांना उणे ठाऊक नसतं.

५. दूरच्या लढाईला आपलं काय, असं म्हणू नकोस — २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि जूनच्या मध्याला इथली देशभराची सरासरी गॅलनला पाच डॉलरच्या वर गेली. अमेरिका स्वतः भरपूर तेल काढते, पण तेलाचा बाजार एकच आहे.

६. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या हवामानाबरोबर मेक्सिकोच्या आखातातलं हवामानही बघत जा — आपल्याकडे येणारं बरंचसं पेट्रोल टेक्सास-लुइझियानाच्या रिफायनऱ्यांत तयार होतं. २००५ च्या ऑगस्टअखेर कत्रिना आलं ते तिकडे, आणि आठवडाभरात तीन डॉलरच्या वरची पाटी लागली ती इकडेही.

७. पूर्व किनाऱ्यावर आपल्या जवळ मोठ्या रिफायनऱ्या फार उरलेल्या नाहीत हे ध्यानात ठेव — त्यातली सगळ्यात मोठी फिलाडेल्फियाची होती. २०१९ च्या जूनमधल्या आग नि स्फोटानंतर ती पुन्हा उघडलीच नाही. त्यामुळे आपली भिस्त लांबून येणाऱ्या नळावर.

८. तो नळ बंद पडला तर घाबरून रांगेत उभा राहू नकोस. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण अशी वेळ पुन्हा येऊ शकते. ह्यूस्टनहून न्यू जर्सीपर्यंत येणारी कलोनियल पाइपलाइन पूर्व किनाऱ्याचं जवळजवळ ४५ टक्के इंधन आणते. ७ मे २०२१ ला खंडणीखोरांनी त्या कंपनीच्या संगणकांवर हल्ला केला आणि कंपनीनं पाइपलाइन थांबवली. १२ मेला ती पुन्हा सुरूही झाली. पण मधल्या दिवसांत लोकांनी मिळेल त्यात पेट्रोल भरलं. सरकारी खात्याला 'प्लॅस्टिकच्या पिशवीत पेट्रोल भरू नका' असं जाहीर सांगावं लागलं! पंप कोरडे पडले ते तेलाच्या तुटीनं जितके, तितकेच या घाईनं — ज्याची टाकी आधीच अर्धी भरलेली असते त्याला असल्या आठवड्यात घरी बसून हसता येतं.

९. म्हणून मोसमात टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नकोस — अर्धी टाकी, पुरी झोप.

१०. उन्हाळ्यात पेट्रोल महागतं त्यात नुसती लबाडी शोधू नकोस — १ जून ते १५ सप्टेंबर पंपांवर कमी वाफ होणारं उन्हाळी पेट्रोल विकावं लागतं; त्यात स्वस्त ब्युटेन फारसं घालता येत नाही. त्यातच सगळा देश गाड्या काढून सहलीला निघालेला असतो. आपला होडीचा मोसम नेमका तोच, हे आपलं नशीब.

११. ऑक्टोबर मोकळा ठेव, लग्नाची आमंत्रणं आली तरी बायकोला पुढे कर — उन्हाळी पेट्रोलचा नियम संपलेला असतो, वादळानं घात केला नाही तर भाव सहसा उतरलेला असतो, जेलीफिश कमी झालेले असतात आणि पाणी मोकळं असतं. चेसापीकचा खरा मोसम मी तोच मानते. जुलै नवख्यांना देऊन टाकावा.

१२. करावर चिडायचं तर माहिती घेऊन चिड — केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून तो हललेला नाही, मेरीलँडचा वेगळा. आणि मोटरबोटींच्या पेट्रोलवरचा केंद्राचा कर १९८४ च्या कायद्यापासून मासे नि होड्यांसाठीच्या निधीत जातो, त्यातून होडी उतरवायचे रॅम्प बांधले जातात. रॅम्पवर चाक घसरलं नाही तर त्यातले चार आणे तुझे आहेत असं समज.

(आपल्या हर्णै-दाभोळकडे मच्छीमार सोसायट्यांच्या होड्यांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, तसा आपल्याला का नाही, असं तुझे काका दर वर्षी विचारतात. तिथल्या मच्छीमारांचं पोट मासळीवर आहे, आपलं फक्त दुपारचं जेवण. फरक आहे.)

आता धक्क्यावरचं.

१३. मरीनातलं पेट्रोल रस्त्यावरच्यापेक्षा महाग दिसलं की दचकू नकोस — त्यांची विक्री थोडी, मोसम पाच-सहा महिन्यांचा, आणि टाक्या, नळ, विमा, माणसं यांचा खर्च मात्र बारा महिन्यांचा.

१४. शेजारच्या खाड्यांतल्या दोन-तीन मरीनांना फोन करून भाव विचार, लाजू नकोस — एकाच पाण्यावर गॅलनमागे बराच फरक सापडतो, आणि विचारायला पैसे पडत नाहीत.

१५. पण वीस सेंटसाठी दहा मैल जाऊ नकोस — तुझी होडी गॅलनला चार मैल जाते असं धर. जाऊन-येऊन वीस मैलांना पाच गॅलन जळाले, म्हणजे चार डॉलरच्या भावानं वीस डॉलर. चाळीस गॅलन भरून वाचले आठ. स्वस्ताईच्या मागे निघालेला तेल जाळूनच परत येतो.

१६. होडी ट्रेलरवर असताना रस्त्यावरच्या पंपावर भरून घे, तिथे खरी बचत आहे — मात्र ओढणारी गाडीही पेट्रोल पितेच, ते वहीत लिहायला विसरू नकोस.

१७. पाण्यातल्या होडीसाठी कॅन वाहू नकोस — पाच गॅलनचा कॅन तीस पौंड भरतो, गॅलनमागे डॉलर वाचला तरी एका कॅनमागे वाचतात पाच, आणि डगमगत्या धक्क्यावर तो कलंडला तर पाण्यावर तवंग उठतो, जो कायद्याला मुळीच चालत नाही. कधी भरावाच लागला तर कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवूनच भर — नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

१८. पंपावर 'अनलेडेड ८८' स्वस्त दिसलं तरी होडीत घालू नकोस — त्यात १५ टक्के इथेनॉल असतं आणि होडीत ते वापरायला मनाईच आहे. पंपावरच्या चिकटपट्टीवर तसं छापलेलं असतं, वाचत जा.

१९. दहा टक्क्यांचं नेहमीचं पेट्रोल चालतं, पण ते साठवून ठेवू नकोस — इथेनॉल पावसाळ्यातल्या मिठासारखं ओल धरतं. ओल फार झाली की पाणी नि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते.

२०. बिनइथेनॉलचं मिळालं तर घे, परवडेल तितकंच — त्यात पाण्याची भानगड कमी आणि जोर दोन-तीन टक्के जास्त, पण भाव त्याहून जास्त असतो. वर्षभर रोज हाकणाऱ्याला त्याची गरज नाही. महिन्यातून एकदा जाणाऱ्याला आहे.

२१. पाणी वेगळं करणारा फिल्टर मोसमाच्या आधी बदल आणि एक जास्तीचा होडीत ठेव — थोडक्या डॉलरांचा फिल्टर न बदलल्यानं हजारोंचं इंजिन रडतं.

२२. पुस्तकात ८७ ऑक्टेन लिहिलं असेल तर महागडं प्रीमियम घालून होडीचे लाड करू नकोस — तिला कळत नाही, दुकानदाराला कळतं.

२३. जिथे रोज होड्या येऊन भरतात तिथेच भर, कोपऱ्यातल्या झोपाळू धक्क्यावर नको — तिथलं पेट्रोल कधी आलंय कोण जाणे.

२४. भरताना सगळ्यांना खाली उतरव, इंजिन नि बॅटरीचे स्विच बंद कर, आणि नळ हातात धरूनच उभा राहा. मित्राच्या आत बसवलेल्या इंजिनाच्या होडीवर असशील तर भरल्यावर किमान चार मिनिटं ब्लोअर लावल्याशिवाय चावीला हात नको — पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात दडून बसते.

२५. काठोकाठ भरू नकोस — सकाळचं गार पेट्रोल दुपारच्या उन्हात फुगतं आणि टाकीच्या हवेच्या नळीतून पाण्यात जातं. टाकीत थोडी हवा असू दे!

२६. नळ आत घालण्यापूर्वी झाकणावरचं नाव मोठ्यानं वाच — मासेमारीची काठी उभी करायच्या भोकात पेट्रोल ओतणारे शहाणे या खाडीत होऊन गेले आहेत. कोण, ते विचारायचं नाही.

आता थ्रॉटलवरच्या उजव्या हाताचं. ओपेकचे मंत्री तुझा फोन उचलणार नाहीत, पण किती गॅलन जाळायचे हे बव्हंशी तुझा हातच ठरवतो. इथे खरी कमाई आहे, म्हणून इथे मी जास्त बडबडणार.

२७. पूर्ण थ्रॉटलला हॉर्सपॉवरच्या दहाव्या भागाइतके गॅलन तासाला, हा ढोबळ नियम लक्षात ठेव — तुझ्या दीडशेला पंधरा गॅलन. साडेचार डॉलरच्या भावानं तासाला साडेसदुसष्ट. मित्राला वेग दाखवायची हौस असेल तर तेवढ्यात दोघांचं जेवण होतं, हे त्याला आधी सांग.

२८. होडी पाण्यावर नीट तरंगून सपाट धावायला लागली की थ्रॉटल थोडा मागे घे आणि पंचवीस-सत्तावीस मैलांवर स्थिर हो — तुझ्यासारख्या होडीला तिथे तासाला सहाएक गॅलन लागतात. म्हणजे गॅलनला चारच्या वर मैल. पूर्ण वेगात तीनच्या आसपास.

२९. सगळ्यात वाईट वेग मधला, दहा मैलांच्या आगेमागेचा — नाक वर, शेपूट खाली, स्वतःचीच लाट चढत राहायची आणि पेट्रोल ओतत राहायचं. एकतर सहा मैलांनी गप्पा मारत जा नाहीतर उठून धाव. अर्ध्यात राहणारा दोन्हीकडचा दंड भरतो. नवखे 'सावकाश जाऊ' म्हणत नेमके याच वेगानं जातात आणि संध्याकाळी टाकीत डोकावून हवालदिल होतात.

३०. ट्रिमचं बटण अंगठ्याखाली आहे, ते वापर — निघताना इंजिन आत, वेग आला की हळूहळू बाहेर. नाक किंचित उचललं की पाण्याशी घासणारा तळ कमी होतो. होडी उड्या मारायला लागली की थोडं आत घे.

३१. लॉकर रिकामे कर — गॅलनभर पाणी आठ पौंडांच्या वर, पेट्रोल सहा. त्यात तुझे तीन नांगर, दोन बर्फाच्या पेट्या नि मागच्या वर्षीच्या ओल्या दोऱ्या. लाइफजॅकेट, दुसरा नांगर आणि प्यायचं पाणी यांना मात्र हात लावायचा नाही.

३२. धक्क्याला बांधलेल्या होडीचा तळ जुलैत एकदा तरी बघ — शेवाळ नि शिंपल्या धरल्या की होडी जड होते आणि तीच वाट जास्त पेट्रोल पिते. तळ घासला, खिसा हसला.

३३. प्रॉपेलरचं एखादं पातं वाकलं असेल तर 'चालतंय की' म्हणू नकोस — पेट्रोलही जातं आणि थरथरीनं आतलं सीलही.

३४. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून निघ, निदान केंट नॅरोजसाठी तरी — उपसागरात पाणी फार चढत-उतरत नाही, पण त्या अरुंद वाटेत ओढ जोराची असते, आणि सेंट मायकल्सला खेकडे खायला जाताना तू तिथूनच जाणार.

३५. शक्य तेव्हा सकाळी दक्षिणेकडे जा आणि दुपारी परत ये — उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेचा वारा उठतो. तो तोंडावर घेतला की लाटांवर आपटत पेट्रोल जातं, पाठीवर घेतला की फुकटची ढकल मिळते. फक्त दुपारच्या गडगडाटी वादळांकडे डोळा ठेव, तिथे पेट्रोलचा हिशेब करत बसायचं नाही.

३६. टाकीचे तीन वाटे कर: जायला एक, यायला एक, आणि तिसऱ्याला हात नाही — काटा होडीबरोबर हलतो नि खोटं बोलतो. परतीचं तेल आधी, जातानाची हौस नंतर.

३७. ओढून नेणाऱ्या सेवेचं वार्षिक सभासदत्व घे — ते नसताना पाण्यात अडकलास तर बिल शेकड्यांत येतं, आणि बऱ्याच मरीनांत सभासदांना गॅलनमागे काही सेंट सूटही मिळते.

३८. वही ठेव: किती गॅलन, इंजिनाचे किती तास, कुठे — गॅलन अचानक वाढले तर तळ, प्रॉपेलर किंवा तुझा हात, तिघांपैकी एक बिघडलाय.

३९. भाव चढला म्हणून होडी बांधून ठेवू नकोस, अंतर कमी कर — मॅगोथीतच नांगर टाकून पोहलं, दोरीला कोंबडीची मान बांधून खेकडे धरले, तरी रविवार तोच असतो. मोसमात शंभर गॅलन जाळलेस आणि भाव डॉलरनं वाढला तर वर्षाला शंभर डॉलर जास्त. तुझं धक्क्याचं भाडं नि विमा यांच्यापुढे ते किती? खरी झळ बसते ती दोन-दोन मोठ्या इंजिनांच्या चाळीस फुटींना, आणि त्यांचे मालकच सर्वांत मोठ्यानं रडतात. तू त्यांच्या सुरात सूर मिसळू नकोस.

४०. मराठी मंडळाची माणसं होडीवर येतील, पोहे-ढोकळे आणतील, फोटो काढतील, पेट्रोलचं नाव काढणार नाहीत. कोणी आपणहून पैसे पुढे केले तर घे, पण 'माणशी इतके दिलेत तरच या' असं कधी म्हणू नकोस — कोस्ट गार्डच्या लेखी ते प्रवासी भाडं होतं आणि त्याला परवाना लागतो.

४१. नोव्हेंबरात होडी बाहेर काढलीस की टाकी जवळजवळ पूर्ण भर, आधी पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घाल आणि इंजिन दहाएक मिनिटं चालव — रिकाम्या टाकीत हिवाळाभर ओल धरते, आणि औषध नळ्यांपर्यंत पोचलं नाही तर बाटलीतच बरं. तेव्हा उन्हाळी पेट्रोल संपलेलं असतं, भावही बहुधा बरा असतो. स्टॅबिलायझर मात्र विकत आणू नकोस. माझ्याकडे मागच्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली आहे, तुझ्या टाकीला पुरेल. दिवाळीचा डबा न्यायला येशील तेव्हा घेऊन जा, आणि डबा धुऊन परत आण.